हेक्टरचं ताट

शुक्रवारी दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी, गाडी-विमा कंपनीतल्या गारपीट विभागाच्या जेवणाच्या खोलीत, लायल स्पेन्सने आपल्या आजीच्या भावाला मारलं. हत्यार म्हणजे एक कागदी ताट. साक्षीदार एकोणीस, सगळे नारिंगी शर्टात. त्यानंतर लायलने हात धुतले, आपल्या टेबलाशी येऊन बसला आणि एका पांढऱ्या गाडीच्या टपावरचे पोचे मोजायला लागला. काही घडलंच नाही. आपणही तेच धरून चालू. पोचे एकशे बारा होते.

लायलला हे काम आवडायचं, आणि आवडतं हे कुणाला कळू नये अशी काळजीही तो घ्यायचा. ऑगस्टमध्ये कॅनडातल्या विनिपेगवर गारा पडतात आणि मग पुढचं वर्षभर लोक आपापल्या गाड्यांचे फोटो पाठवत बसतात. गार कुणीच पाठवत नाही. ती कधीच विरघळलेली असते. खड्ड्यावरून ती केवढी होती हे लायलने ठरवायचं. लिंबाएवढी, वाटाण्याएवढी, सव्वीस वर्षांच्या माणसाच्या मुठीएवढी. आज मात्र एकशे बाराव्या खड्ड्यानंतर तो थांबला आणि पुन्हा एकपासून मोजायला लागला, कारण जिभेवर एक नाव बसलं होतं आणि ते गिळलंही जात नव्हतं, थुंकताही येत नव्हतं. खरं तर ते थुंकून झालं होतं. तोच तर घोळ होता.

सुरुवात मनुष्यबळवाल्या मार्लिसने केली, म्हणजे एका मेलने. 'यंदा तीस सप्टेंबर शनिवारी येत असल्यामुळे समेट शुक्रवारी करू या,' असं तिने लिहिलं होतं. तीस सप्टेंबर म्हणजे सरकारने घरांतून उचलून निवासी शाळांत नेलेल्या आदिवासी मुलांच्या आठवणीचा दिवस; त्या दिवशी नारिंगी शर्ट घालतात. 'वेळ साडेबारा ते सव्वा. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणावा. शेंगदाणे नकोत.' मार्लिस वाईट बाई नव्हती. वाईट असती तर सोपं गेलं असतं. ती प्रशिक्षणाला जाऊन आली होती, तिथे रडली होती, आणि रडून आल्यापासून लायलशी बोलताना मान थोडी तिरकी करायची, जसं लोक दुसऱ्याच्या आजारी कुत्र्याशी बोलतात. गेल्या वर्षी तिने त्याला, विभागातला आदिवासी म्हणून, कार्यक्रमाआधी 'ही भूमी कुणाची' ते वाचायला दिलं होतं. लायलने छापील कागदावरून स्वतःच्या पूर्वजांचे आभार मानले, स्वतःच्याच जमिनीवर स्वतःचं स्वागत केलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. यंदा ती त्याच्या टेबलाशी आली तेव्हा मान आणखी तिरकी होती.

"लायल, तू काहीतरी करशील ना रे?"

"काय करू?"

"काहीही. तुमच्यातलं. पंधरा मिनिटांत होईल असं."

"आमच्यात पंधरा मिनिटांत काहीच होत नाही, मार्लिस. आमच्यात दारातून आत यायलाच अर्धा तास लागतो. आधी चपलांवरून चेष्टा होते."

ती खूप हसली आणि 'चेष्टा' असं वहीत लिहून घेतलं.

नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हणायचं तर मान ताठ लागते, आणि लायलची मान पोचे मोजून मोजून पुढे आलेली होती. शिवाय ताट त्याला येत होतं. ताट त्याला श्वासासारखं येत होतं. कोकुमकडे, म्हणजे आजीकडे, चार माणसं जेवायला जमली की सगळ्यांच्या आधी एक ताट वाढलं जायचं. प्रत्येक भांड्यातलं चमचाभर. मूस या मोठ्या सांबराचं मटण, मासा, बॅनक या जाड भाकरीचा तुकडा, कुणी दुकानातला केक आणला असेल तर त्याच्या गुलाबी साखरेसकट. ते गेलेल्या माणसांचं ताट. कोकुम ते हातात धरून क्री भाषेत हळू आवाजात नावं घ्यायची आणि मग लायल ते बाहेर झाडाखाली ठेवून यायचा. पाच वर्षांचा होता तेव्हापासून हे त्याचं काम होतं. नावं त्याला पाठ होती, अर्थाने नाही, चालीने. पणजोबा जेरमाया. पणजी. नॉर्बर्टकाका, जो तळ्यात गेला. आणि नॉर्बर्टच्या पुढे कोकुम एक श्वास घ्यायची. नुसता श्वास, एका नावाच्या लांबीचा. मग पुढचं नाव. लहानपणी लायलला वाटायचं की तिथे सगळेच श्वास घेतात, तो विधीचाच भाग आहे. अंधारात जिन्याची एक पायरी तुटलेली असते आणि घरातल्या माणसाचा पाय आपोआप तिच्यावरून जातो, तसा तोही त्या जागेवरून जायला शिकला. पण त्या शुक्रवारी जिना दुसऱ्याच्या घरचा होता.

टेबलावर अकरा प्रकारचे पदार्थ होते आणि त्यातले सहा मॅकरोनीचे. फिलिपिनो रोडेलने आईच्या हातच्या शेवया आणल्या होत्या. लायलने आपल्या डब्यातलं वाळवलेलं मूसचं मटण काढलं, कोकुमने सकाळी कागदात गुंडाळून दिलेलं, आणि ताट वाढलं. एकोणीस नारिंगी शर्ट गोल उभे राहिले. कुणीतरी फोन बंद केला, तेवढ्यात दुसऱ्या कुणाचा तरी वाजला. त्याने नावं घेतली. जेरमाया. पणजी. नॉर्बर्ट. मग श्वास. आणि त्या श्वासात मार्लिस अगदी मऊ आवाजात म्हणाली, "आणि शाळेतलं कुणी? आजचा दिवस शाळेतल्या मुलांचा आहे ना. नाव घे, लायल. नावात ताकद असते."

खोलीतला फ्रीज गुरगुरत होता. सगळे थांबले होते. लोक आपल्यासाठी थांबलेत हे लायलला कधीच सहन होत नसे; बसमध्ये सुटे शोधतानासुद्धा त्याला घाम फुटायचा.

"हेक्टर," तो म्हणाला.

आणि पाय त्या पायरीतून खाली गेला. बाकीच्यांना काही कळलं नाही. मार्लिसच्या डोळ्यांत पाणी आलं, तिने फोटो काढला आणि लोक मॅकरोनी वाढून घ्यायला लागले. लायलने ताट बाहेर नेलं आणि गाड्या लावायच्या जागेत कचऱ्याच्या पेटीमागे जे एकुलतं एक झाड होतं त्याच्या बुंध्याशी ठेवलं. झालं. ताट मेलेल्याचंच असतं. जिवंत माणसाचं नाव घेऊन ते ठेवत नाहीत. ठेवलं की तो माणूस मेला. याला डॉक्टर लागत नाही.

हेक्टर कोकुमचा थोरला भाऊ. वय वर्षं दहा. गेली बासष्ट वर्षं दहाच. कोकुमने ही गोष्ट लायलला एकदाच सांगितली होती, बदकाची पिसं उपटता उपटता, हवामान सांगावं तशा आवाजात. शाळा तळ्याच्या पलीकडे होती. मुलं एका बाजूला, मुली दुसऱ्या. भावाशी बोलायचं नाही, बघितलं तरी पट्टा. हेक्टरचा नंबर एक्केचाळीस, तिचा बावीस. जेवणघरात तो लांबून तिच्याकडे ओठ पुढे काढून खूण करायचा, म्हणजे 'ती बघ जाडी सिस्टर, तिच्या हनुवटीला लापशी लागलीय'. मग एका फेब्रुवारीत तो जेवणघरात दिसला नाही. विचारलं तर सांगितलं, घरी गेला. तिला हेवा वाटला. चार महिने ती सात वर्षांची मुलगी भावाचा हेवा करत होती, की तो आता आईच्या हातचं खात असेल. जूनमध्ये बोटीतून उतरली तर धक्क्यावर आई उभी होती आणि आई तिच्याकडे बघतच नव्हती, तिच्या मागे बघत होती. "हेक्टर कुठे?" आई म्हणाली. "घरी आलाय ना?" कोकुम म्हणाली. दोघी एकमेकींकडे हेक्टर मागत उभ्या राहिल्या आणि बोट परत गेली.

पुढे, खूप पुढे, शाळेच्या नोंदवहीची नक्कल पोस्टाने आली. नंबर एक्केचाळीसच्या ओळीत शेवटच्या रकान्यात एकच शब्द होता: 'सोडला'. वाचून सगळे नातेवाईक रडले. कोकुम रडली नाही. "सोडला ना? मग निघालाय," म्हणाली. "निघालाय म्हणजे वाटेत आहे." हे ती वेडेपणाने म्हणाली असती तर लायलला सोयीचं झालं असतं. पण कोकुम बिंगोचे सहा कागद एका वेळी खेळायची, कुणाला किती बोलावं हे तिला कळायचं, आणि फक्त या एका बाबतीत ती रजिस्टरचा शब्द धरून बसली होती. उत्तरेला त्यांच्या गावच्या दुकानात, भिंतीवर, तिच्या हातचा एक कागद अजून टाचलेला होता: 'हेक्टर आला तर व्हायोला इथे राहते.' खाली सात पत्ते, सहा खोडलेले. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या मागच्या मैदानात यंत्र फिरवून जमिनीखाली किती मुलं पुरलीत ते बघितलं, तेव्हा न परतलेल्या मुलांची नावं लिहिलेल्या लाल कापडासाठी समितीच्या बाईने दोनदा फोन केला. "तुमच्याकडून एकच नाव यायचं राहिलंय." "राँग नंबर," कोकुम म्हणाली, दोन्ही वेळा, अतिशय गोड आवाजात. ताटावर तिने त्याचं नाव कधी घेतलं नाही. घरात कुणीच घेतलं नाही. बासष्ट वर्षं एक अख्खं खानदान एका श्वासावर एका मुलाला जिवंत ठेवून होतं, आणि लायलने त्याला पंधरा मिनिटांच्या कार्यक्रमात उरकलं. खरं तर बारा. तीन मिनिटं उरली होती, त्यात मार्लिसने आभार मानले.

एक वाजून दहा मिनिटांनी लायल पोचे सोडून उठला आणि ताट परत आणायला गेला. ताट परत आणण्याचा विधी त्याला कुणी शिकवला नव्हता. तो असतो की नाही हेही माहीत नव्हतं. झाडाखाली एक कावळा उभा होता आणि मूसच्या मटणाचा शेवटचा तुकडा त्याच्या चोचीत होता.

"ठेव ते," लायल म्हणाला.

कावळ्याने त्याच्याकडे पाहिलं. लायलने हात पुढे केला. गारपीट विभागाचा सहायक मूल्यमापक, गळ्यात ओळखपत्र, अंगात 'प्रत्येक मूल मोलाचं' लिहिलेला शर्ट, एका कावळ्याच्या मागे दोन गाड्यांना वळसा घालून धावला. कावळा उडाला आणि रस्त्यापलीकडच्या बर्गरवाल्याच्या छपरावर जाऊन बसला. शेवया गेल्या होत्या. मॅकरोनी जशीच्या तशी होती. सिगरेट ओढायला आलेला रोडेल पेटीला टेकून हे सगळं बघत होता.

"आमच्याकडेपण ठेवतात ताट," रोडेल म्हणाला. "आईकडे. कुत्र्याने खाल्लं तर म्हणतात आजोबा आले."

"आणि आजोबा मेलेलेच नसले तर?"

"मग आजोबांनी स्वतःच खाल्लं असणार."

"मस्करी नाही. वाढलेलं ताट परत घेता येतं का?"

रोडेलने विचार केला. तो खरंच विचार करत होता, हे लायलला नंतर बरेच दिवस आठवत राहिलं. "माझ्या आत्याने एकदा घेतलं होतं. लग्नात. पण तो समोर बसलेला माणूस होता, त्याने भांडण काढलं. इथे भांडायला कोण आहे?"

भांडायला कोणी नव्हतं. लायलने मॅकरोनी मातीत ढकलली, का ते त्यालाही कळलं नाही, आणि आत गेला.

बसमध्ये फोन थरथरायला लागला. मार्लिसने फोटो ऑफिसच्या पानावर टाकला होता: 'आज लायलने आपली हेक्टरशी ओळख करून दिली. आम्ही ऐकतो आहोत.' खाली पसंतीचे चौऱ्याहत्तर बदाम. बदामांमधून तो फोटो उत्तरेला गेला, जिथे बातमी रस्त्याने जात नाही कारण रस्ता बर्फाचा, हिवाळ्यापुरताच असतो. ट्रीना या चुलत बहिणीने विचारलं, 'कोकुमचा हेक्टर गेला?? कधी??' तिच्या खाली कुणी लिहिलं, 'सापडला होता का?' त्याखाली, 'कोकुमने ताट ठेवायला सांगितलं म्हणजे सापडलाच असणार.' बस सेल्कर्कच्या वळणाला पोचेपर्यंत मामीने रात्र जागवायला गावातला हॉल सांगून ठेवला होता आणि कॉफीचा मोठा हंडा कुणाकडे आहे यावर दोन घरांत वाजलं होतं. मग गावच्या पाद्रीबुवांचा निरोप आला, सगळ्यांत समजूतदार: 'लायल, दुःख झालं. शव विमानाने येणार की बोटीने? पेटी किती लांब करू?' लायलने 'दहा वर्षांच्या मुलाएवढी' असं टाइप केलं, मग बाहत्तर वर्षांच्या माणसाची आठवण होऊन ते खोडलं, मग पुन्हा टाइप केलं. अंगठा काचेवर तसाच राहिला. समोरच्या सीटवरची बाई पिशवीतून सोललेलं संत्रं खात होती.  ऑफिसपासून सगळं नारिंगीच होतं आज. कोकुमकडे फोन होता पण ती त्यावर फक्त कुस्ती बघायची, यावर त्याची सगळी भिस्त होती. तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या चाळीस पायऱ्यांत त्याने चार खोटी उत्तरं रचली. चौथं बरं होतं.

दारात टॉवेलने झाकलेलं सुपाचं पातेलं होतं.

"आत घे ते," कोकुम आतून म्हणाली. "दुसरं आहे. पहिलं ओट्यावर ठेवलंय."

ती टेबलाशी बसली होती. डब्याच्या दुधाचा चहा समोर निवून गेलेला. टीव्ही बंद. शुक्रवारी संध्याकाळी हा टीव्ही बंद असू शकतो हे लायलला नवीन होतं.

"खालची मिसेस बेअर आली होती," ती म्हणाली. "मी विचारलं, कोण गं गेलं? तर म्हणते, तुझा भाऊ. म्हटलं, मला कुणी कळवलं नाही ते."

लायलचं चौथं उत्तर कुठेतरी पडलं. "कोकुम, माझ्या तोंडून गेलं. ती बाई म्हणाली नाव घे. सगळे बघत होते. मी..."

"काय काय वाढलंस?"

"काय?"

"ताटात, नोसिम, माझ्या नातवा. काय काय होतं?"

"तू दिलेलं मटण. शेवया. अंडं. आणि..." त्याने खाली पाहिलं. "मॅकरोनी."

"गार मॅकरोनी? ती पांढरी? गोऱ्यांची?"

"हो."

कोकुमचे खांदे हलायला लागले. "बासष्ट वर्षांनी पोराला पहिल्यांदा जेवायला बसवलं," ती म्हणाली, "आणि मॅकरोनी." ती हसत होती. लायलही हसला, कारण हसणं आलं की सुटका झाली असा त्याचा आजवरचा अनुभव होता. कोकुमने तोंडावर हात धरला होता. हात तसाच राहिला आणि खांदे हलतच राहिले, आणि आवाज अजिबात नव्हता. मग लायलच्या लक्षात आलं की हे हसणं मघाशीच संपलंय. निजायच्या खोलीत चाळीस मुलींना आवाज न करता रडायची सवय लागते, ती हीच. पिसं उपटताना तिने हे सांगितलं नव्हतं.  त्याने सुपाचं पातेलं उचलून दुसरीकडे ठेवलं.

मग ती म्हणाली, "जेवला का तो?"

"कावळ्याने मटण नेलं."

"कुठे गेला तो?"

कावळा बर्गरवाल्याच्या छपरावर गेला होता. "उत्तरेला," लायल म्हणाला.

कोकुमने मान हलवली. चहावरची साय बोटाने काढली आणि बशीच्या कडेला पुसली. "मग आता मी काय करू?" ती म्हणाली. तक्रार नव्हती. कारखाना बंद झाल्यावर कामगार विचारतो तसं. "मला एक काम होतं ना. वाट बघायचं. ते तू बंद केलंस. मला राग नाही आला तुझा. येईल, पण सोमवारी वगैरे येईल. आत्ता मला एवढंच सांग, मी उद्या उठून काय करू?"

 अशा वेळी लायलकडे एखादा विनोद हटकून असायचा. आज आला नाही.

"तुला एक सांगते," कोकुम म्हणाली. "आजवर सांगितलं नाही कारण तो आला की त्याला आधी सांगणार होते. नाताळला ज्याच्या घरून लेखी अर्ज यायचा त्यालाच सोडायचे. बाबांना लिहिता येत नव्हतं. आमच्या तळ्यावर कुणालाच येत नव्हतं. शाळेत मुलांच्या चादरी आम्ही मुली धुवायचो, आणि खिडकीतून द्यायचो. डिसेंबरात हेक्टर चादर घ्यायला आला आणि हळूच म्हणाला, व्हाय, तू लिही. बाबांच्या नावाने लिही, मी ऑफिसच्या पेटीत टाकतो. दोघं घरी जाऊ." तिने बशी सरळ केली. "मी म्हटलं, मला लिहिता येत नाही."

"सात वर्षांची होतीस तू."

"येत होतं, लायल. वर्गात पहिली होते. पट्ट्याची भीती वाटली म्हणून म्हटलं. तो म्हणाला, बरं. चादर घेतली आणि गेला. मग फेब्रुवारीत चालत निघाला; पुढे मुलांकडून कळलं." तिने निवलेला चहा बाजूला सारला. "कागद असता तर चालायला लागलं नसतं."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवून कुणाला तरी बोलावत होतं. ओट्यावरची दोन पातेली निवत होती. लायलचा फोन खिशात थरथरला, पेटीच्या लांबीसाठी असणार.

"कागद आण," कोकुम म्हणाली. "तुझा कम्प्युटर नको, कागद. तू ऑफिसात काम करतोस, अर्जाची भाषा तुला येते. मी सांगते, तू लिही, सही मी करते. बाबांच्या नावाने."

"कोकुम, ती शाळा पाडली. पन्नास वर्षं झाली. तिथे गवत आहे."

"मला माहीत आहे तिथे काय आहे. तारीख घाल. डिसेंबर, दहा. साल साठ."

लायलने कागद आणला, पेन झटकलं आणि तारीख घातली. मग तिने सांगितलं तसं, एकही गोष्ट न बदलता, फक्त ऑफिसच्या भाषेत, लिहीत गेला:

प्रति, मा. मुख्याध्यापक, निवासी शाळा. विषय: क्रमांक ४१ यास नाताळच्या सुट्टीत घरी पाठविण्याबाबत. महोदय, वरील क्रमांकाचा मुलगा हेक्टर, वय दहा, हा आमचा आहे. त्यास दिनांक २० पासून सुट्टी मंजूर करावी. त्यास पायी सोडू नये. आम्ही कुत्र्यांची गाडी घेऊन तळ्याच्या अलीकडच्या काठावर उभे राहू. दाखल करतेवेळी काढून घेतलेले त्याचे मूसच्या कातड्याचे बूट व हातमोजे परत द्यावेत. ते आता लहान होत असल्यास त्याच्या हातात द्यावेत, पण द्यावेत. सोबत बहीण क्रमांक २२ हिलाही पाठवावे. हा अर्ज तिने लिहिला आहे; तिला लिहिता येते, तरी त्याबद्दल तिला शिक्षा करू नये. अर्ज पोचण्यास विलंब झाला आहे याची आम्हास कल्पना आहे. तथापि तो डिसेंबर १९६० मध्येच, नाताळापूर्वी, मिळाल्याची लेखी पोच मुलासोबत पाठवावी, ही नम्र विनंती.